बॉस होण्याआधीचे नव्वद दिवस

पुण्याची नोकरी संपवून गावाकडे परतलेल्या माणसाला लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, पहिला प्रश्न एकच विचारला जातो : 'काय करूलालास सध्या?' त्याला दोनच उत्तरं चालतात. एक, 'सध्या काहीच नाही बघा.' दुसरं, 'स्वतःचं काहीतरी टाकूलालो.' पहिल्या उत्तरावर समोरचा 'अरेरे' करतो. दुसऱ्यावर लगेच विचारतो, 'कर्ज किती काढलास?' गंमत म्हणजे सरकारही आपल्याला नेमके हेच दोन प्रश्न विचारतं. फक्त सरकारला उत्तर तारखेसकट लागतं.

आणि इथेच बहुतेकांची विकेट जाते. नोकरी गेल्यावर मिळणारे पैसे वेगळ्या खिडकीवर, धंदा सुरू करताना मिळणारे पैसे वेगळ्या खिडकीवर. पहिली खिडकी म्हणते, 'तू बेकार आहेस हे दाखव.' दुसरी म्हणते, 'तू अजून धंदा सुरू केलेला नाहीस हे दाखव.' तिसरी, म्हणजे इन्कम टॅक्सची, म्हणते, 'धंदा नक्की कधी उभा राहिला ते सांग.' उत्साहाच्या भरात आपण आधी यंत्र घेतो, मग नोंदणी करतो, मग कर्जाला जातो, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी सांगतं की 'अरे, तुला भत्ता मिळाला असता की!' तोवर तिन्ही खिडक्या बंद.

म्हणून क्रमाचा फंडा क्लिअर करू. त्यासाठी एक हिरो आणि एक हिरॉइन घेऊ. दोघंही काल्पनिक, त्यामुळे नावं नकोत. हिरो लातूरचा, चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, पगार १८ हजार, नोकरी चार वर्षं. हिरॉइन नांदेडची, बाणेरच्या एका आयटी कंपनीत, पगार ५५ हजार, तिचीही चार वर्षं. दोघांच्या नोकऱ्या एकाच महिन्यात गेल्या. त्याला लातुरात डिजिटल प्रिंटिंग टाकायचंय (वाढदिवसाच्या बॅनरना आपल्याकडे मरण नाही), तिला नांदेडमधून डिझाइनची कामं घ्यायचीत.

भत्ता आहे, पण कुणाला?

'बेकार भत्ता' हा शब्द आपल्याला नवा नाही. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेने राज्यभर कामं निघाली. १९७७च्या कायद्याने तिला हक्काचं रूप दिलं, आणि मागूनही १५ दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता, अशी तरतूद त्यात आली. पण ती हमी अंगमेहनतीच्या कामाची होती. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यासाठी त्यात रकानाच नव्हता.

नोकरदारासाठीचा रकाना सापडतो तो ईएसआयमध्ये. पगाराच्या स्लिपवर 'ईएसआय' नावाची एक छोटीशी कपात असते ना, पाऊण टक्क्याची? तीच. कंपनी त्यावर सव्वातीन टक्के घालते. बहुतेकांना वाटतं हा दवाखान्याचा विमा. तो आहेच, पण त्यात नोकरी गेल्यावर मिळणारी मदतही आहे आणि ती सांगायला एचआर सहसा फोन करत नाही.

१ जुलै २०१८पासून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. कोविडमध्ये, २४ मार्च २०२०पासून, ती ५० टक्के झाली. नियमही सैल झाले. पूर्वी नोकरी जाऊन ९० दिवस झाल्यावर मागता यायची, ती ३० दिवसांनी मागता येऊ लागली आणि अर्ज जुन्या मालकामार्फत नेण्याऐवजी थेट ईएसआयच्या शाखेत देता येऊ लागला. (ज्याने काढलं त्याच्याचकडे सही मागायला जायचं, ही आधीची कल्पना ज्याला सुचली त्याची कधी नोकरी गेली नसावी.) अट अशी, की दोन वर्षं विमा असावा, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस वर्गणी भरलेली असावी आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत पुन्हा ७८ दिवस. गैरवर्तनाबद्दल काढलेला, वयाने निवृत्त झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला यात बसत नाही. ही योजना मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चाललेली आहे, त्यामुळे अर्जाच्या दिवशी ती चालू आहे आणि टक्केवारी किती आहे, हे शाखेत विचारूनच फॉर्म भरा.

आपल्या हिरोचा हिशोब मांडू. महिना १८ हजार म्हणजे रोजचे साधारण ५९० रुपये. निम्मे २९५. नव्वद दिवसांचे साडेसव्वीस हजार. फार नाहीत. पण लातुरात घरी राहून तीन महिने आईकडे पैसे न मागता काढायला पुरतात, आणि पहिल्यांदा धंदा टाकणाऱ्याला हे तीन महिनेच सगळ्यात जड जातात.

कारखानाच बंद पडला किंवा कामगारकपात झाली असेल तर आणखी एक जुनी योजना आहे, १ एप्रिल २००५पासूनची 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना'. तिच्यात ९० दिवसांवर गाडी थांबत नाही. ५० टक्के दराने वर्षभर आणि नंतरच्या सुधारणेनुसार दुसऱ्या वर्षी २५ टक्के. उस्मानशाही मिल बंद पडताना पाहिलेल्या नांदेडकरांना या योजनेचं मोल सांगायला नको. स्वतःहून काम सोडलेल्याला मात्र इथे जागा नाही.

आणि हिरॉइन? तिला यातलं काहीच नाही. ईएसआयची पगारमर्यादा जानेवारी २०१७पासून २१ हजार ठरली. त्यावर पगार गेला की तुम्ही सुखी, असं कायदा मानतो. ईएमआय, फ्लॅटचं भाडं, गाडीचा हप्ता वगैरे त्याला दिसत नाही. आपल्यापैकी बहुतेक याच गटात मोडतात, म्हणून त्यांच्यासाठी खरी खिडकी पीएफची.

राजीनाम्याची एक ओळ

पीएफकडे जाण्याआधी नोकरीच्या शेवटच्या दिवशी थांबू, कारण अर्धा खेळ तिथेच होतो. कंपनीला माणसं कमी करायची असतात. केबिनमध्ये बोलावतात, दार बंद करतात, पाणी विचारतात आणि गोड आवाजात म्हणतात, 'तुम्हीच रिझाइन करा ना, लेटरवर चांगलं दिसेल.' आपणही करतो. नाहीतरी मनात स्वतःचं काहीतरी टाकायचं होतंच, मग काढून टाकल्याचा शिक्का कशाला घ्या?

त्या एका ओळीची किंमत बघा. कामगार कपात केली तर कायद्याने एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा पगार मिळतो. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने यात भर घातली. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार, तोही ४५ दिवसांत. व्यवस्थापकीय पदावरच्या आणि १८ हजारांवर पगार असलेल्या सुपरवायझरला या व्याख्येत धरत नाहीत, हे खरं. पण कार्डावर 'मॅनेजर' छापलं म्हणून कुणी मॅनेजर होत नाही. तुमचं काम काय होतं ते बघितलं जातं. राजीनामा दिला की मात्र हे सगळं गेलं. श्रमिक कल्याण योजनाही गेली.

आणि टॅक्स? पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र होतो. रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर १० टक्के आधीच कापून घेतात. पण आजारपण, मालकाचा धंदा बंद पडणं किंवा कर्मचाऱ्याच्या हातात नसलेलं दुसरं कारण, यामुळे नोकरी संपली असेल तर हा कर लागत नाही. चार वर्षं झालेल्या आपल्या दोघांसाठी हा फरक हजारोंचा आहे. तो ठरवणार कोण? कंपनीने दिलेलं लेटर आणि पीएफच्या पोर्टलवर कंपनीने भरलेलं नोकरी सोडण्याचं कारण. तुम्हाला खरोखर काढलं असेल तर तसंच लिहून मागा. तुम्ही स्वतःच सोडली असेल तर उगाच 'काढलं' म्हणून लिहून घेऊ नका, तो खोटेपणा पुढे अंगाशी येतो. पाच वर्षांत आधीच्या कंपनीतली वर्षंही धरतात, पण तिथला पीएफ नव्या खात्यात आणलेला असेल तरच. ही ट्रान्सफर आपण सगळेच 'करू नंतर' म्हणून ठेवतो.

आता पीएफची खिडकी. इथे एक सुखद गोष्ट आहे. १९५२च्या मूळ योजनेत पैसे काढण्यासाठीची बेकारी म्हणजे पीएफचा कायदा लागू असलेल्या आस्थापनेत नोकरी नसणं. म्हणजे हिरॉइनने दुसऱ्या दिवशी घरातल्या टेबलावर स्वतःचं डिझाइनचं काम सुरू केलं, तरी पीएफच्या लेखी ती 'नोकरीत नाही'च. ईएसआयचा भत्ता याच्या उलटा. ज्या दिवसांसाठी तो मागता, त्या दिवसांत तुम्ही बेकार असायलाच हवं. एकच माणूस, एकच महिना, आणि दोन कार्यालयांत दोन अर्थ!

रक्कम कधी हातात येते? आधी महिन्याने ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली, अशी पद्धत होती. ऑक्टोबर २०२५मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की ७५ टक्के लगेच मिळावेत आणि उरलेले २५ टक्के १२ महिने बेकार राहिल्यावर. धंदा टाकणाऱ्याने याचा अर्थ एवढाच घ्यावा : भांडवलाचा हिशोब तीन चतुर्थांशावर करा. खरं सांगायचं तर तेवढंही यंत्रात घालू नका. पीएफ म्हणजे म्हातारपण. म्हातारपण विकून फ्लेक्सचं यंत्र घेणं हा सौदा जरा विचार करण्यासारखा आहे.

जगात दुसरीकडे या दोन खिडक्या जोडलेल्या आहेत. ब्रिटनने १९८०च्या दशकात बेकारांना स्वतःचा धंदा सुरू केल्यावर वर्षभर आठवड्याला ४० पौंड दिले. अट काय, तर स्वतःजवळ १,००० पौंड असावेत. जर्मनीत बेकारविम्याचा भत्ता घेणाऱ्याने धंदा सुरू केला तर पहिले सहा महिने भत्त्याइतकी रक्कम आणि वर ३०० युरो, असं अनुदान मिळू शकतं. तिथे धंदा सुरू करणं हा बेकारीतून बाहेर पडायचा रस्ता समजतात. आपल्याकडे मात्र धंदा सुरू केला की भत्त्याचं दार लागलं. भारतात हे बदलायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण बदलेल तेव्हा बदलेल, तोवर आपल्याला असलेल्या नियमांत खेळायचंय.

आधी काय, नंतर काय

म्हणून आमच्या हिरोने ते ९० दिवस धंदा न करता धंद्याची तयारी करावी. दर विचारणं, जागा बघणं, कोटेशन घेणं, प्रोजेक्ट रिपोर्ट, बँकेच्या मॅनेजरची ओळख, मित्राच्या दुकानात उभं राहून काम शिकणं. यातलं काहीच बेकारीच्या आड येत नाही. आड येते ती नोंदणी. २०२०च्या जुलैपासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी फुकट आहे, आधार नंबरवर दहा मिनिटांत होते (आणि तरीही तिचे पैसे घेणारे एजंट प्रत्येक तहसीलच्या दारात भेटतात). पण त्या फॉर्ममध्ये धंदा सुरू केल्याची तारीख विचारतात. ती तारीख भत्त्याच्या दिवसांमधली टाकली की तुमचेच दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देणार. धंदा आधीच सुरू होत असेल तर भत्ता तिथेच थांबवा. दोन्ही हातांनी घ्यायला जाऊ नका.

पुढची खिडकी जिल्हा उद्योग केंद्राची. लातूर आणि नांदेड दोन्हीकडे ती आहे, आणि तरुण मंडळी तिथे धंदा सुरू केल्यानंतर पोचतात, हे दुखणं जुनं आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम फक्त नव्या उद्योगांसाठी आखलेला आहे. आधीच चालू असलेल्या उद्योगाला त्याचं अनुदान नाही, दुसऱ्या सरकारी योजनेचं अनुदान घेतलेल्यालाही नाही. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठीच्या नियमांत उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाख, सेवेच्या प्रकल्पाला २० लाख अशी मर्यादा होती. सर्वसाधारण गटाला स्वतःचे १० टक्के, विशेष गटाला (यात सगळ्या महिला आल्या) ५ टक्के. अनुदान सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५. विशेष गटाला २५ आणि ३५. राज्याचा २०१९चा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर बेतलेला.

ही आकडेवारी कोरडी वाटेल, पण जरा थांबा. हिरोचा प्रकल्प १० लाखांचा. दुकान लातूर शहरात टाकलं तर अनुदान दीड लाख. तेच हद्दीबाहेर एखाद्या ग्रामपंचायतीच्या गावात टाकलं तर अडीच लाख. यंत्र तेच, बॅनर तेच. एक लाखाचा फरक फक्त पत्त्याचा! गिऱ्हाईक मात्र गोलाईत येणार की हद्दीबाहेर, हे योजना सांगत नाही. ते हिरोनेच ठरवायचं. हिरॉइनला तर हा प्रश्नच नाही. तिचं गिऱ्हाईक ईमेलवर आहे, तिने वडिलांच्या गावी बसून काम केलं तरी चालतं, फक्त वीज आणि नेट टिकलं पाहिजे.

अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना मराठवाड्यात बरीच वापरली जाते. तिथेही क्रम तोच : आधी ऑनलाइन पात्रता प्रमाणपत्र, मग बँकेचं कर्ज. हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा, व्याज नंतर परत येतं. 'सरकार भरणार' म्हणून हप्ता चुकवला की परतावाही अडकतो आणि सिबिलही.

आधीच्या खर्चाचं काय?

धंदा सुरू होण्याआधी केलेला खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येतो का? या प्रश्नावर सगळ्यात जास्त पाय टाकला जातो तो १९५४च्या एका निकालावर, आणि तो आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाच्या कंपनीच्या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी एक बारीक रेघ ओढली. धंदा 'उभा राहणं' वेगळं आणि 'सुरू होणं' वेगळं. सगळी तयारी होऊन उद्यापासून काम घेता येईल, या स्थितीला तुम्ही आलात की धंदा उभा राहिला. पहिलं गिऱ्हाईक महिन्याने येवो. त्या मधल्या काळाचं भाडं, पगार, वीजबिल हा धंद्याचाच खर्च. पण त्याआधीचं भाडं तसं वजा होत नाही.

म्हणजे हिरोचं यंत्र बसलं, वीज आली, शाई भरली, बोर्ड लागला, तो दिवस लिहून ठेवायचा. फोटो काढा, इलेक्ट्रिशियनचं बिल ठेवा, चाचणीची पहिली प्रिंट जपून ठेवा. त्याआधीचा प्रोजेक्ट रिपोर्टचा किंवा बाजारपाहणीचा खर्च कायद्याच्या अटींत बसला तर पाच वर्षांत विभागून मिळतो. यंत्राचा खर्च घसाऱ्याच्या रूपाने, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी घसारा निम्माच. दिवसाला एकाच माणसाला १० हजारांवर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत, यंत्रासाठी दिले तर त्या रकमेवर घसाराही नाही. 'रोकडा द्या, कमी करतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेण्याआधी हे गणित करा.

छोट्या धंद्यासाठी दुसरा सोपा रस्ताही आहे. उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के नफा धरायचा आणि कर भरून मोकळं व्हायचं. मग वह्या नकोत. पण मग खर्चही वेगळा मागता येत नाही. पहिल्या वर्षी तोटाच असेल तर सीएला विचारून ठरवा, कारण हा रस्ता एकदा धरला की दरवर्षी ये-जा करता येत नाही.

जीएसटीत तर क्रमाचा फटका सरळ खिशाला बसतो. हिरोचं यंत्र समजा ६ लाखांचं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८ हजार. नोंदणी करून यंत्र घेतलं तर ही रक्कम पुढच्या करातून वळती होते. यंत्र आधी घेतलं आणि नोंदणी नंतर केली, तर शिल्लक असलेल्या कच्च्या मालाची वजावट मिळू शकते, यंत्राची नाही. एक लाख आठ हजार, नव्वद दिवसांच्या भत्त्याच्या चौपट, केवळ दोन तारखा उलट्या पडल्या म्हणून!

कर्ज मंजूर झालं, अनुदानही आलं, तरी ते लगेच हातात पडत नाही हेही आधीच माहीत असू द्या. पंतप्रधान योजनेचं अनुदान बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं. त्या काळात युनिट चालू आहे का, ते तपासायला माणूस येतो. यंत्र झाकून ठेवून 'चालू आहे सर' म्हणणारे बरेच भेटतात. तुमचं चालू असेल तर त्या दिवशी सकाळी एखादा बॅनर छापायला घेतलेला असला म्हणजे झालं.